देखणं वेल्डिंग, कच्चा जोड: पेनिट्रेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऱ्हे, धायरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम देणारे, करणारे आणि तपासणारे अशा तिघांकडूनही येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गेट-ग्रिल करून घेणाऱ्या घरमालकापासून मशीनची फ्रेम बनवणाऱ्या वर्कशॉपपर्यंत बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच असतो, म्हणून तोच आधी घेतला आहे.

वेल्डिंग इतकं छान दिसतंय. एकसारख्या लहरी, स्पॅटर (उडालेले थेंब) नाही, अंडरकट (कडेला पडलेली खाच) नाही. मग जोड कच्चा कसा म्हणता?

तुम्हाला वरून दिसतंय ते फक्त भरलेलं लोखंड. जोड तयार होतो त्याच्या खाली, जिथे भरलेलं लोखंड आणि मूळ प्लेट दोन्ही एकत्र वितळून एक व्हायला हवीत. साधं पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश सेल्सिअस लागतात. वायरचं किंवा रॉडचं टोक तेवढं तापणारच. ते बारीक असतं आणि आर्क, म्हणजे विजेची ज्योत, तिथूनच निघतो. अडचण प्लेटची असते. ती जाड आणि थंड असते, आणि मिळालेली उष्णता चारी दिशांना पळवून नेते. तिचा पृष्ठभाग वितळला नाही तरी वरून आलेला रस पसरतो, गोठतो आणि गोठताना लहरीही सुंदर उमटतात. थंड भाकरीवर तूप घातलं तर ते वरच थिजतं, आत मुरत नाही, तसा हा प्रकार.

लहरींवरून वेल्डरचा हात कळतो. हात स्थिर होता, वेग एकसारखा होता, आर्क मध्ये तुटला नाही, एवढं त्यावरून नक्की सांगता येतं. आत किती गेलं हे मात्र करंट, जोडाची तयारी, टॉर्चचा कोन, आर्कचं टोक नेमकं कुठे पडत होतं आणि प्लेट साफ होती का, यावर ठरतं. खरी गोम अशी की करंट थोडा कमी ठेवला की रस आवरायला सोपा जातो, बीड, म्हणजे भरलेली पट्टी, भरदार येते, प्लेट जळत नाही आणि काम नीटनेटकं दिसतं. म्हणजे बीड सर्वात देखणी येते ती सेटिंग आणि जोड सर्वात कच्चा राहतो ती सेटिंग, या दोन्ही शेजारी-शेजारीच असतात.

फ्यूजन आणि पेनिट्रेशन एकच ना?

नाही. भरलेलं लोखंड प्लेटच्या पृष्ठभागाशी वितळून एक झालं की फ्यूजन झालं. वितळण्याची ही रेषा जोडाच्या मुळाशी, म्हणजे रूटपर्यंत किती खोल गेली, ते पेनिट्रेशन. कडेला फ्यूजन व्यवस्थित आहे पण रूट कोरडा राहिला, असं होऊ शकतं. फिलेट वेल्डमध्ये, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डमध्ये, तर हे नेहमीचंच. दोन प्लेटींच्या कोपऱ्यावर रसाचा पूल बांधला जातो आणि कोपऱ्यात बारीक पोकळी राहते. वरून मोजलं तर लेग, म्हणजे वेल्डची प्लेटीवर टेकलेली बाजू, ६ मिमी भरतो. गेज लावा, फोटो काढा, सगळं पास.

सीओटू वेल्डिंगमध्ये (गॅसच्या आवरणात वायर आपोआप पुढे सरकवणारं मशीन) हे जास्त होतं असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे, पण दोष सीओटूचा नाही. दोष चुकीच्या जागी वापरलेल्या शॉर्ट सर्किट मोडचा आहे.

कमी व्होल्टेजवर, म्हणजे ०.८ मिमी वायर असेल तर साधारण १५ ते १९ व्होल्टच्या आसपास, वायर सेकंदाला कित्येक वेळा वितळलेल्या रसाला टेकते. टेकली की आर्क विझतो, वायरचा थेंब तुटतो, आर्क पुन्हा पेटतो. तळणीसारखा तडतड आवाज येतो तो याचाच. आर्क सतत विझत असल्यामुळे प्लेटला उष्णता कमी मिळते. ही पद्धत पातळ पत्र्यासाठीच आहे आणि दीड-दोन मिमीच्या बॉक्स पाइपला ती उत्तम चालते. तेच सेटिंग घेऊन १० मिमीच्या प्लेटला फिलेट मारला की वायर वितळत राहते, बीड वाढत राहते आणि प्लेट जेमतेम गरम होते. वायर आपोआप पुढे सरकत असल्यामुळे भरणं थांबतच नाही, हीच यातली फसवणूक. रॉडने कमी करंटवर काम केलं तर रॉड चिकटतो, आर्क तुटतो, म्हणजे निदान कुरकुर तरी करतो. सीओटू मशीन कुरकुर करत नाही.

अमेरिकेतला स्ट्रक्चरल वेल्डिंगचा कोड, एडब्ल्यूएस डी१.१, शॉर्ट सर्किट मोडला चाचणीशिवाय मान्य असलेल्या पद्धतींच्या यादीत घेतच नाही. आधी नमुना बनवा, तोडा, सिद्ध करा आणि मग वापरा, असा त्याचा नियम आहे. एएसएमई या अमेरिकी इंजिनिअरांच्या संस्थेचा वेल्डिंग-परीक्षेचा कोड, सेक्शन नाइनसुद्धा, या मोडमध्ये वेल्डरची परीक्षा नुसत्या एक्स-रेवर पास करू देत नाही; नमुना वाकवून दाखवावाच लागतो. इतकी कडक अट उगाच घातलेली नाही.

दुकानात आणखी तीन गोष्टी दिसतात. एक म्हणजे टॉर्च लांब धरण्याची सवय. वायरचं बाहेर आलेलं टोक १०-१२ मिमीऐवजी २५ मिमी झालं की करंट आपोआप पडतो, मशीनचा नॉब मात्र तिथेच राहतो. दुसरी म्हणजे फार सावकाश जाणं. 'हळू गेलं की जास्त आत जातं' ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की विचारू नका. एका मर्यादेपलीकडे हळू गेलं की रस आर्कच्या पुढे वाहतो, आर्क प्लेटवर पडण्याऐवजी रसावर पडतो आणि खालची प्लेट कोरडी राहते. आर्क नेहमी रसाच्या पुढच्या काठावर हवा. तिसरी गोष्ट म्हणजे टॉर्च ढकलत नेणं. त्याने बीड रुंद आणि सपाट येते, दिसते छान, पण पेनिट्रेशन ओढत नेण्यापेक्षा कमी मिळतं. पातळ कामाला ढकला, जाड कामाला ओढा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ फरक पडेल.

उभ्या जोडात वरून खाली ओढलेला रन, म्हणजे वेल्डची एक ओळ, इतका सफाईदार का येतो?

गुरुत्वाकर्षण तुमचं काम करतं म्हणून. रस आर्कच्या पुढे घरंगळतो आणि प्लेटवर नुसता सारवला जातो. पातळ पत्र्याला चालेल. जाड प्लेटला, भार घेणाऱ्या जोडाला, खालून वर चढायचं. दिसायला थोडं ओबडधोबड येईल, येऊ द्या.

आमचा मिस्त्री सगळीकडे ६०१३ रॉड वापरतो. ते चुकीचं आहे का?

६०१३ हा वाईट रॉड नाही. आर्क लगेच लागतो, एसी-डीसी दोन्हीवर चालतो, स्लॅगची खपली हाताने निघावी इतकी सहज सुटते आणि बीड गुळगुळीत येते. गेट, ग्रिल, शेडची बारीकसारीक कामं याच्यावरच चालली आहेत आणि चालावीत. फक्त त्याचा आर्क मऊ आहे आणि पेनिट्रेशन कमी ते मध्यम, हे विसरायचं नाही. ६०१० नावाचा सेल्युलोज कोटिंगचा रॉड बरोबर उलट वागतो. त्याची बीड खरखरीत, दिसायला अगदीच सुमार, पण आर्क खोल खणत जातो. म्हणून तेल-गॅसच्या पाइपलाइनचा रूट रन वर्षानुवर्षं त्याच्यावर मारला जातो. दोन्हींचा 'साठ' सारखाच, म्हणजे भरलेल्या लोखंडाची ताकद चौरस इंचाला किमान ६०,००० पाउंड. ताकद तीच, दिसणं वेगळं आणि आत जाणं वेगळं.

जाड प्लेट, क्रेनचा गर्डर, मशीनचा बेस अशा कामांना ७०१८ घ्या. पण तो कोरडा हवा. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या पुड्यातला ७०१८ दोन दिवस दुकानात पडून राहिला की त्याच्या कोटिंगने हवेतला ओलावा शोषलेला असतो. त्यातून हायड्रोजन जोडात शिरतो आणि वेल्डिंगनंतर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीसुद्धा, बीडच्या शेजारच्या प्लेटमध्ये तडा जातो. रॉड भाजायचं तापमान आणि वेळ डब्यावर छापलेली असते. ती छपाई वाचणारी माणसं कमी आहेत. रॉड ओव्हन नसेल तर ७०१८ चा हट्ट धरू नका.

मशीनवर २०० अँपिअर लिहिलंय, नॉबही १४० वर आहे. तरी करंट कमी कसा पडेल?

आधी वायर बघा. साइटवर शेजारच्या फ्लॅटमधून १६ अँपिअरच्या सॉकेटवर ओढलेली, गुंडाळी न सोडलेली, बारीक तारेची एक्स्टेन्शन असते. २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे पावणेचार किलोवॉटही नाहीत. त्यातून मशीनचं नुकसान वजा केलं की आर्कला शंभर-सव्वाशे अँपिअरच्या वर मिळणं कठीण. त्यात व्होल्टेज पडलं की आणखी कमी. डिस्प्लेवर दिसतं ते तुम्ही मागितलेलं, मिळालेलं नव्हे. क्लॅम्प मीटर लावून बघा, वाद मिटतो.

मग अर्थचा क्लॅम्प. गंजलेल्या, रंगवलेल्या अँगलला नुसता अडकवलेला असतो, कधी कधी तर कांबेचा तुकडा टेकवून ठेवलेला. तिथे ठिणग्या उडत असतील तर तुमचा करंट तिथे खर्च होतोय. दोन बोटं जागा घासून क्लॅम्प घट्ट लावायला अर्धा मिनिट लागतो.

दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिमीचा ६०१३ रॉड साधारण ९० ते १३० अँपिअर मागतो. १० मिमी प्लेटला त्याच्या वरच्या टोकाला जायला हवं. साइटवर तो बहुधा खालच्या टोकाला चालतो.

वेल्ड ग्राइंडरने घासून सपाट केलं की फिनिशिंग पण येतं आणि तपासणी पण होते, नाही का?

फिनिशिंग येतं. तपासणी होत नाही, उलट पुरावा जातो. बट जोडात, म्हणजे प्लेटींच्या कडा समोरासमोर भिडवलेल्या जोडात, दोन्ही बाजूंनी पूर्ण पेनिट्रेशन असेल तर वरचा फुगवटा घासायला हरकत नाही. पण दोन ६ मिमीच्या प्लेटी व्ही न मारता (कडांना उतार न देता), गॅप न ठेवता नुसत्या भिडवून वरून एक रन मारला असेल, तर आत गेलेलं असेल दोन-तीन मिमी. फुगवटा घासला की जोडाची जी काही ताकद होती तिचाही मोठा हिस्सा भुशात जातो. वर एनसी पुट्टी, वर रेड ऑक्साइड, वर रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा.

फिलेट घासणं तर आणखी घातक, कारण त्याची ताकद थ्रोटमध्ये, म्हणजे रूटपासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतच्या जाडीत, असते आणि घासताना पहिला जातो तो थ्रोटच. 'जोड दिसायला नको, सगळं एकसंध दिसलं पाहिजे' अशी मागणी आर्किटेक्टकडून आली, तर जोडाची जागा बदला किंवा व्ही मारून पूर्ण पेनिट्रेशन घ्या. नुसतं घासून ते होत नाही.

फरक आकड्यात सांगा. थोडा रूट राहिला तर असं काय बिघडतं?

६ मिमी लेगचा काटकोनातला फिलेट घ्या. आयएस ८००, म्हणजे पोलादी बांधकामाच्या भारतीय कोडप्रमाणे थ्रोट लेगच्या ०.७ पट, म्हणजे ४.२ मिमी. आता कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी २ मिमीपर्यंत प्लेट वितळलीच नाही असं धरा. बाहेरून लेग अजून ६ मिमीच दिसतो. पण आतून १.४ मिमी थ्रोट गेला आणि उरला २.८. एक तृतीयांश ताकद गेली, गेज मात्र पास.

ही झाली स्थिर भाराची गोष्ट. आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकातल्या नेहमीच्या ४१० ग्रेडला, कारखान्यात केलेल्या वेल्डसाठी आयएस ८०० चा हिशोब मिलिमीटर लांबीला साधारण ८०० न्यूटन येतो. म्हणजे चांगल्या ६ मिमी फिलेटची १०० मिमी परिणामकारक लांबी सुमारे ८ टन घेऊ शकते. साइटवर केलेल्या वेल्डसाठी हाच कोड सुरक्षा गुणक १.२५ वरून १.५ वर नेतो, म्हणजे तोच आकडा पावणेसात टनांच्या जवळ येतो. साइटवरचं वेल्डिंग कसं होतं हे कोड लिहिणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

भार सतत कमी-जास्त होत असेल तर मात्र हा हिशोब पुरत नाही. न वितळलेला रूट ही तयार चीरच असते, तिचं टोक धारदार असतं आणि प्रत्येक हेलकाव्याला ती किंचित पुढे सरकते. बाहेरून काही दिसत नाही. चीर पृष्ठभागावर येते तोवर आतला बराचसा जोड गेलेला असतो.

असं असेल तर आमच्या सोसायटीचं गेट वीस वर्षं कसं टिकलं?

हा प्रश्न चांगला आहे आणि सगळ्या गोंधळाचं मूळही इथेच आहे.

गेटच्या एका जोडावर भार किती येतो? काही किलो, फार तर पन्नास-शंभर. जोडाची ताकद टनांत. तिथे निम्मं वेल्ड नुसतं चिकटलेलं असलं तरी गेट उभंच राहतं. ग्रिलचं तेच, खिडकीच्या सज्जावरच्या पिंजऱ्याचं तेच. या कामांत कच्चा जोड माफ होतो. आणि आपल्याकडचे बहुतेक वेल्डर याच कामांवर शिकतात. वर्षानुवर्षं काही तुटत नाही, गिऱ्हाईक बीड बघून शाबासकी देतं, त्यामुळे तोच करंट, तोच रॉड, तीच सवय हातात मुरते. मग एक दिवस तोच हात दुकानाचा पोटमाळा बांधतो, पाण्याच्या टाकीचा स्टँड उभा करतो, नाहीतर उसाच्या ट्रॉलीचा दांडा जोडतो.

ट्रॉलीचा दांडा म्हणजे कच्च्या जोडाची खरी परीक्षा. दौंड-इंदापूर-बारामतीकडे गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या शेतातल्या खड्ड्यांतून, कॅनॉलच्या कडेने, स्पीडब्रेकरवरून महिनोन्‌महिने जातात. प्रत्येक खड्ड्याला हूकजवळच्या जोडावर ओढ, दाब, पिळ, पुन्हा ओढ. हंगामाच्या सुरुवातीला ताजा रंग आणि सुरेख बीड असलेला दांडा फेब्रुवारीत तुटतो तेव्हा 'ओव्हरलोड झाला' म्हणतात. ओव्हरलोड असतोच, त्यात वाद नाही. पण तुटलेला भाग हातात घ्या. चॅनेलची गॅस कटिंगची मूळ धार, तिच्यावरच्या रेघांसकट, जशीच्या तशी दिसत असेल आणि शेजारच्या प्लेटवर मिलची निळसर-काळी स्केल तशीच असेल, तर तिथे लोखंड कधी वितळलंच नव्हतं. तो जोड पहिल्या दिवसापासून नुसता कडांवर धरून होता.

तेव्हा भार कसला आहे ते आधी विचारा. नुसता उभा, कमी भार असेल तर ६०१३ चा साधा फिलेट पुरे, उगाच एक्स-रेच्या गोष्टी करू नका. माणसं चढणार, वाहन हलणार, मशीन थरथरणार, डोक्यावर वजन टांगणार असेल तर रूट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बघून काहीच कळत नाही का?

थोडं कळतं. बीडची कड प्लेटला कशी भेटते ते बघा. कड गुळगुळीत उतारासारखी प्लेटमध्ये विरघळलेली हवी. बीड दोरीसारखी फुगून वर बसली असेल आणि कडेला नख अडकत असेल, तर प्लेट थंड होती. पातळ प्लेट असेल तर मागच्या बाजूला उष्णतेचा निळा-तपकिरी पट्टा किती रुंद उमटलाय ते पाहता येतं. उघड्या बट जोडात मागून बघायला जागा असेल तर बघाच. रूट मागे आलेला दिसला तर अर्धी चिंता मिटते. रनची सुरुवात आणि शेवटही तपासा. सुरुवातीला प्लेट थंड असते, म्हणून फ्यूजन बहुधा पहिल्या दीड-दोन सेंटिमीटरमध्येच राहून जातं. आयएस ८०० सुद्धा परिणामकारक लांबी मोजताना एकूण लांबीतून लेगच्या दुप्पट वजा करायला सांगतो.

आणि रंग मारण्याआधी बघा. रंगानंतर बघणं म्हणजे फक्त रंग बघणं.

दुकानातल्या दुकानात खात्री कशी करायची? लॅबला पाठवायचं बजेट नाही.

लॅबची गरज नाही. त्याच प्लेटचे दोन तुकडे घ्या, त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर, त्याच वेल्डरकडून टी आकारात एकाच बाजूला सहा इंचाचा फिलेट मारून घ्या. एक नमुना तोडायचा, एक कापायचा.

तोडायचा तो थंड झाल्यावर व्हाइसमध्ये किंवा प्रेसखाली धरून उभी प्लेट वेल्डच्या बाजूला झोपवा, म्हणजे रूट उघडेल. चांगला जोड असेल तर प्लेट वाकते आणि जोड सहजी सुटत नाही; सुटलाच तर भरलेल्या लोखंडातून, करड्या खरखरीत तुकड्यांनी तुटतो. कच्चा असेल तर बीड सालीसारखी निघून येते आणि खाली प्लेटची स्वच्छ धार दिसते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या वेल्डरला पुढे भाषण द्यावं लागत नाही.

कापायचा तो मधोमध हॅक्सॉने किंवा बँडसॉने आडवा कापा. कटिंग व्हीलने कापला तर पृष्ठभाग जळतो, मग जास्त घासावं लागतं. कापलेला चेहरा आधी कानशीने सपाट करा, मग एमरी पेपर ८०, २२०, ४०० असा चढता. दरवेळी दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. ४०० पर्यंत आलात की भिंगातून रूट बघा. न वितळलेली फट असेल तर ती इथेच केसासारखी काळी दिसते.

मग फेरिक क्लोराइड. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्ड एच करायला वापरतात तेच, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. पाण्यात पातळ केलेलं द्रावण कापसाच्या बोळ्याने घासलेल्या चेहऱ्यावर लावा. हातमोजे आणि चष्मा हवाच. कपड्यांवरचा डाग निघत नाही. हळूहळू चित्र उमटतं. मूळ प्लेट एका छटेची, भरलेलं लोखंड वेगळ्या छटेचं आणि त्याला लागून उष्णतेने बदललेला पट्टा. भरलेल्या लोखंडाची सीमा दोन्ही प्लेटींच्या मूळ रेषा ओलांडून आत शिरलेली दिसली पाहिजे आणि कोपऱ्याचा बिंदू तिने गिळलेला हवा. सीमा प्लेटच्या रेषेवरच थांबली असेल तर ते वेल्ड नुसतं टेकलंय. पाण्याने धुवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा, फोटो काढून त्यावर करंट-व्होल्टेज लिहून भिंतीला लावा.

लॅबवाले यासाठी नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं नायटल वापरतात. दुकानात ते बनवायच्या फंदात पडू नका.

डीपी टेस्ट पास झालीये. आता तरी चालेल ना?

डीपी, म्हणजे लाल रंग लावून पांढरा डेव्हलपर मारायची चाचणी, फक्त पृष्ठभागावर उघडणारी फट दाखवते. बंद रूटबद्दल ती काहीही सांगत नाही. मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट जरा खालपर्यंत बघते, पण फार नाही. आतलं बघायला अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे. त्यातही भिंतीला लागून राहिलेली पातळ सपाट फट एक्स-रेत निसटू शकते, कारण किरण तिच्याशी तिरपे गेले तर सावलीच पडत नाही. अल्ट्रासॉनिक अशा फटी जास्त चांगल्या पकडतं. फिलेटच्या रूटला मात्र दोन्ही अवघड. म्हणून फिलेटमध्ये नमुना कापणं हीच खात्रीची वाट.

एवढ्याशा वेल्डमुळे मोठं काही कोसळल्याचं उदाहरण आहे का?

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेचा 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत माग लागला तो एका आडव्या नळीपर्यंत आणि त्या नळीवर जोडलेल्या हायड्रोफोनच्या धारकापर्यंत. पाण्यातला आवाज टिपायचं हे यंत्र, त्याचा धारक काही भार घेणारा भाग नव्हता. त्याचा ६ मिमीचा फिलेट नीट आत गेलेला नव्हता, आकारही वाईट होता. तिथून फटीग क्रॅक (वारंवारच्या भाराने वाढत जाणारी चीर) सुरू झाला, नळी तुटली, मग तो पायच तुटला. क्रॅकच्या पृष्ठभागावर रंगाचे अंश सापडले, म्हणजे तडा समुद्रात जायच्या आधी, यार्डात रंग देतानाच होता. 'हा काय, साधा ब्रॅकेट तर आहे' असं म्हणून टाका मारणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

दुसरं १७ जानेवारी १९९४ चं, लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजच्या भूकंपाचं. स्टीलच्या शंभराहून अधिक इमारतींत बीम आणि कॉलमच्या जोडांना तडे गेलेले आढळले. इमारती उभ्या होत्या, फॉल्स सीलिंग आणि आवरणं काढल्यावर तडे सापडले. बीमच्या खालच्या फ्लँजच्या (आडव्या पट्टीच्या) मध्यावर, जिथे वेबमुळे (मधल्या उभ्या पट्टीमुळे) वेल्डर नीट पोचत नाही, रूटला फ्यूजन राहून गेलेलं होतं आणि खालची बॅकिंग पट्टी तशीच ठेवल्यामुळे ते दिसतही नव्हतं. शिवाय वापरलेल्या वायरचं वेल्ड ठिसूळ होतं. पुढे अमेरिकेत अशा जोडांची रचना आणि वेल्डिंगचे नियमच बदलले.

म्हणजे जितकं जास्त पेनिट्रेशन तितकं चांगलं?

तसंही नाही. गरजेपेक्षा जास्त करंट मारला की पातळ पाइप भोक पडून जळतो, कडेला अंडरकट येतो, फ्रेम वाकते. रूट पूर्ण वितळला, पुरे झालं.

कच्च्या जोडावर आणखी एक जाड रन मारला तर?

पैसे आणि रॉड वाया. वरचा रन खालच्या रनला धरेल, खालचा रन प्लेटला धरत नसेल तर दोन्ही मिळून सुटतील. ग्राइंडरने किंवा गाउजिंगने खालपर्यंत उकरून, चकचकीत लोखंड दिसल्यावरच पुन्हा भरायचं. जोड नवा असेल तर सुरुवातीलाच ६ मिमीच्या वर व्ही मारा. साधारण ६० अंशांचा कोन, २-३ मिमी गॅप, खाली दीड मिमीची धार. व्ही मारायला पंधरा मिनिटं लागतात म्हणून तो टाळला जातो, दुसरं कारण नाही.

गॅल्व्हनाइज्ड पाइपवर बीड छान येते पण नंतर सुटते. का?

जस्त ९०७ अंशांलाच उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी. वाफ रसात अडकून पोकळ्या होतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना एक-दोन इंच जस्त घासून काढा आणि धूर अजिबात नाकात घेऊ नका. रात्री थंडी-ताप भरतो तो त्याचाच.

वेल्डरचं सर्टिफिकेट बघितलं तर पुरेसं नाही का?

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. औंधच्या आयटीआयमधून किंवा कुठूनही तो केलेला मुलगा पाया शिकून येतो, त्याला कमी लेखू नका. पण ट्रेडचं प्रमाणपत्र वेगळं आणि तुमच्या कामाच्या पोझिशनला, जाडीला, पद्धतीला दिलेली चाचणी वेगळी. आयएस ७३१० किंवा एएसएमई सेक्शन नाइनची चाचणी त्या-त्या पद्धतीपुरतीच असते, आणि एएसएमईप्रमाणे सहा महिने ती पद्धत वापरली नाही तर ती संपते. कोणी 'सिक्स-जी (तिरक्या पाइपवरची चाचणी) केलंय' म्हणालं तर कुठल्या पद्धतीने, किती जाडीवर, कधी, एवढं विचारा.

कोटेशनमध्ये नेमकं काय लिहून घ्यावं?

'वेल्डिंग चांगलं करणे' असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. कुठले जोड भार घेणारे आहेत ते ड्रॉइंगवर खुणेने दाखवा. त्या जोडांना फिलेटचा आकार किंवा 'पूर्ण पेनिट्रेशन' लिहा. रॉडचा किंवा वायरचा नंबर लिहा. 'रंगाआधी तपासणी, तोवर पुट्टी किंवा प्रायमर नाही' ही ओळ टाका. आणि काम सुरू व्हायच्या आधी त्याच मशीनवर, साइटवरच्याच वीजपुरवठ्यावर मारलेला एक नमुना कापून दाखवायची अट ठेवा.

ठेकेदार म्हणतो, नमुना कापत बसायला वेळ नाही, आम्ही वर्षानुवर्षं हेच करतोय.

नमुन्याचे वेगळे पैसे द्या. दोन तुकडे प्लेट, चार-पाच रॉड आणि तासाभराची मजुरी, याहून जास्त खर्च नाही. पैसे मिळत असूनही तो नमुना मारायला तयार नसेल, तर त्याला गेट करायला द्या. पोटमाळा दुसऱ्याकडून करून घ्या.